मंडळीच्या पगारदार सेवकांना सांभाळायचं कसं? खानदेशातल्या पाळकांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. तालुक्याच्या गावातली मंडळी (म्हणजे चर्च), सुमारे दीडशे कुटुंबं. पगारावर सहा जण: एक सहायक पाळक (पास्टर), आसपासच्या खेड्यांसाठी दोन सुवार्तिक (सुवार्ता सांगणारे), एक बायबलबाई (घरोघर जाऊन बायकांना बायबल शिकवणारी), चर्चचा शिपाई आणि अर्धा दिवस येणारा कारकून. नव्या पाळकांना येऊन आठ महिने झाले. तेवढ्यात एक सुवार्तिक चार महिन्यांतच सोडून गेला, शिपाई तोंडाने बोलेनासा झाला आणि कमिटीतला कुणीही उठतो आणि कुणालाही काम सांगतो. पाळक विचारतात, "मी सगळ्यांशी प्रेमाने वागतो, रोज नाव घेऊन प्रार्थना करतो, तरी माणसं टिकत का नाहीत?"

सलाम, पाळकसाहेब. प्रेम आणि प्रार्थना यांत काहीच कमी करू नका. पण आपल्याकडच्या बहुतेक मंडळ्यांतलं दुखणं "सेवा" या एका शब्दाशी येऊन थांबतं. पगारवाढीची गोष्ट निघाली की सांगितलं जातं, "ही सेवा आहे, नोकरी नव्हे." कामात चूक झाली की तीच माणसं म्हणतात, "मग पगार कशाचा घेतो?" एकाच माणसाला दोन मापं लावली की तो आधी गप्प होतो आणि मग निघून जातो. तुमचा शिपाई पहिल्या टप्प्यावर आहे, सुवार्तिक दुसऱ्या टप्प्यावर पोचला. सेवा ही सेवाच राहील, पण तिच्यातला जो भाग काम आहे तो कागदावर लिहिलेला हवा, त्याचा पगार ठरल्या तारखेला हवा आणि ते एकाच माणसाने सांगायला हवं. बाकी सगळं याच्यानंतर.

ही दोन मापं आली कुठून, तेही समजून घ्या, म्हणजे कमिटीवर राग धरला जाणार नाही. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम होतं, नंदुरबार-नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचं. सुवार्तिक, बायबलबाई, शिपाई यांचा पगार मिशनकडून यायचा. मंडळीला तो द्यावा लागत नव्हता आणि कामाचा हिशेबही मंडळी मागत नव्हती. मिशनरी गेले, पगार मंडळीवर आला, पण "ही मिशनची माणसं" ही नजर काही घरांत तशीच राहिली. म्हणून पगार हा मंडळीने उचललेला शब्द आहे, हे नव्या पाळकाला कमिटीत शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सुरुवात अशी करा: पुढचे तीन आठवडे काहीही बदलू नका. प्रत्येक सेवकाबरोबर त्याचा एक पूर्ण दिवस काढा. सुवार्तिकाच्या मोटरसायकलवर मागे बसा, बायबलबाईंबरोबर चार घरं फिरा (तिथे पाळकीणबाई किंवा महिला मंडळातली कुणी सोबत असू द्या), कारकुनाच्या टेबलाशी बसून बाप्तिस्मा-विवाहाची रजिस्टरं बघा. वहीत फक्त वेळ आणि काम लिहा. शेरे मारू नका, सूचनाही देऊ नका.

शिपायाचा रविवार तर मिनिटामिनिटाने लिहून काढा. पहाटे पाचला गेट आणि पाण्याची मोटर. साडेपाचपासून झाडू, कारण काळ्या मातीची धूळ शनिवारी संध्याकाळी पुसलेल्या बाकांवर सकाळी पुन्हा बसलेली असते, आणि वर कबुतरं. मग सतरंज्या, संडेस्कूलच्या खोल्या, पिण्याच्या पाण्याचे जार. साडेआठला पहिली घंटा, नऊला दुसरी, मधे माईकची वायर आणि कीबोर्डचा स्टँड. उपासना साडेअकराला सुटते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असेल तर दीड-दोनशे छोटे पेले धुऊन, पुसून, मोजून पेटीत ठेवायचे. त्यानंतर कमिटीची बैठक आणि तिचा चहा. दुपारी तीनला महिला मंडळ, सहाला तरुण संघ, कुलूप रात्री नऊला. मधले जेवणाचे दोन तास सोडले तरी चौदा तास भरतात. आणि सोमवारी सकाळी कुणीतरी विचारतं, "अजून अंगण झाडलं नाही का?"

हा कागद कमिटीपुढे ठेवा, भाषण करू नका. मग वाटणी सोपी होते. माईक आणि खुर्च्या तरुण संघाने पाळीने करायच्या, रविवारी दोघं. पेले डिकन (मंडळीतले सेवेकरी) धुतील. रविवारचं कुलूप तरुण संघाचा सचिव लावेल आणि किल्ली सोमवारी कारकुनाकडे देईल. शिपायाचा रविवार आठ-नऊ तासांवर येतो. सोमवार त्याची पूर्ण सुट्टी, फोनही करायचा नाही. मे महिन्यात, जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीपार जातो तेव्हा, टाकी धुणं, गच्ची, कंपाउंड, कबरस्तानाची साफसफाई ही उन्हातली कामं सकाळी दहाच्या आत संपवायची आणि दुपारी चारपर्यंत त्याला बाहेर उभं करायचं नाही, हेही लिहूनच ठेवा. पाळकांच्या बंगल्याचा भाजीपाला, गॅस सिलिंडर, मुलांची शाळेची ने-आण ही शिपायाची कामं नव्हेत. इथे बहुतेक पाळकांचा पाय घसरतो, आणि चूक कळतही नाही, कारण शिपाई नाही म्हणत नाही.

आता कागद. प्रत्येकासाठी एकच पान, साध्या मराठीत. काम काय (सहा-सात ओळी पुरेत). काय काम नाही. कामाचे तास आणि आठवड्याची सुट्टी. वर्षाच्या रजा आणि आजारपणाच्या रजा. पगार किती आणि कोणत्या तारखेला. प्रवास-फोनचा खर्च कसा मिळेल. काम कोण सांगेल, एकच नाव. आणि शेवटची ओळ, जी हमखास राहून जाते: तक्रार खुद्द पाळकांबद्दल असेल तर कुणाकडे जायचं. तिथे कमिटीतल्या दोन वडिलांची (म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठांची) नावं लिहा, शक्य असेल तर त्यात एक बाई. कागद आधी सेवकाला वाचून दाखवा, त्याने सुचवलेला बदल करा, मग दोघांच्या सह्या घ्या. एक प्रत त्याच्याकडे. दरवर्षी एप्रिलमध्ये, नवं बजेट झालं की, पुन्हा बघा. नुसता छापील नमुना भरून सही घेतली तर तो कागद फाइलीत पडून राहतो. त्याच्याशी बसून लिहिला तरच तो त्याचा होतो.

"काम कोण सांगेल" या ओळीवरून कमिटीत कुरबुर होईल. वीस वर्षं शिपायाला हाक मारून काम सांगणाऱ्या वडिलांना ते जड जातं. त्यांचा अपमान न करता नियम असा बांधा: कुणालाही कसलंही काम सुचवायचं असेल तर कारकुनाकडे एक वही आहे, तीत लिहायचं. पाळक रोज सकाळी वही बघतील आणि वाटून देतील. मर्तिक आणि दवाखाना एवढे दोनच अपवाद. तक्रारीचंही तसंच. सेवकाला कुणी चारचौघांत बोलायचं नाही, तक्रार आठ दिवसांत पाळकांकडे आली पाहिजे, आणि पाळकांनी आधी त्या सेवकाला एकट्याला विचारायचं. मत्तय १८ मध्ये येशूने हाच क्रम घालून दिला आहे: आधी दोघांत, मग साक्षीदारांसह, शेवटी मंडळीपुढे. आपण तो एरवी शिकवतो आणि पगारदार माणसाच्या बाबतीत शेवटच्या पायरीपासून सुरू करतो. प्रवचनातून टोमणा तर कधीच नको. नाव घेतलं नाही तरी सगळ्या बाकांना कळतं कुणाबद्दल आहे.

आणि कमिटीत सेवकावर टीका चालू असताना तुम्ही गप्प राहिलात, तर ती बातमी त्याच रात्री त्याच्या घरी पोचते. तिथे एवढंच म्हणा, "हे काम मी सांगितलं होतं, जबाबदारी माझी आहे, मी त्याच्याशी बोलतो."

पैशाकडे येऊ. इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण खानदेशात बहुतेक ठिकाणी गाडी इथेच रुतते.

आपल्याकडच्या अर्पणाची चाल कापसासारखी आहे. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत कापूस विकला जातो तेव्हा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) येतो, हंगामाच्या सणाला ज्वारी, बाजरी, तूर, कोंबड्या यांचा लिलाव होतो, नाताळात पाकिटं येतात. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर भागातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि बरीचशी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परततात, म्हणजे तिथल्या छोट्या मंडळ्या ऐन हिवाळ्यात रिकाम्या. जूनमध्ये बियाणं-खत, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांचेच हात कोरडे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात पगारदार आणि पेन्शनर असल्याने एवढी ओढाताण होत नाही, पण शेतीवरच्या मंडळीत ती दरवर्षी होते. आणि दरवर्षी खजिनदार जणू पहिल्यांदाच घडतंय अशा आवाजात म्हणतो, "या महिन्यात थोडे घ्या, उरलेले पुढच्या रविवारी."

या हप्त्यांनी जेवढी माणसं गेली तेवढी कमी पगाराने गेली नाहीत. किराणावाल्याकडे उधारी होते, पोराची फी राहते, आणि रविवारी त्याच माणसाने उभं राहून अर्पणाची प्रार्थना करायची. दिवसाची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नको, असं लेवीय १९:१३ सांगतं. आपण महिन्याची ठेवतो.

उपाय हिशेबाचा आहे. समजा सहायक पाळक १६,०००, दोन सुवार्तिक प्रत्येकी ११,०००, बायबलबाई ८,०००, शिपाई ९,०००, अर्धवेळ कारकून ५,०००. महिन्याला ६०,००० होतात. जून ते सप्टेंबर पगारासाठी महिन्याला ३५,०००च जमत असतील तर चार महिन्यांत एक लाखाची तूट, आणि ती आधीपासून ठाऊक असलेली. म्हणून "पगार राखीव" असं वेगळं बचत खातं काढा, त्यात तीन महिन्यांचा पगार, म्हणजे १,८०,०००, उभा करायचा. एका वर्षात जमणार नाही. हंगामाच्या लिलावातून आणि नाताळच्या अर्पणातून दरवर्षी तुटीचा लाख अधिक ६०,००० बाजूला काढले तर तीन वर्षांत होतं. या खात्यातून छपराचं काम, स्पीकर, संमेलनाचा मंडप यांतलं काहीही करायचं नाही, असा ठराव मिनिट बुकात लिहून घ्या. ठराव नसेल तर दुसऱ्याच वर्षी तो पैसा मंडपात जातो.

पगाराची तारीख पाच ठरवा, पैसे बँकेतून द्या. खात्यावर दोघांच्या सह्या लागत असतील तर सही करणारे तीन ठेवा, त्यांपैकी कोणतेही दोन चालतील असे. नाहीतर एक वडील लग्नाला सुरतेला गेले की सहा घरांचा पगार अडकतो. लिलावातलं धान्य सेवकाला देऊन त्याची किंमत कमिटीने ठरवलेल्या दराने पगारातून वळती करू नका. द्यायचं तर भेट म्हणून द्या. आणि पैसा खरंच कमी पडलाच तर सगळ्यात लहान पगार आधी, पाळकांचा शेवटी. हा नियम तुम्ही स्वतः मांडला तर पुढची पाच वर्षं तुमच्या शब्दाला वजन राहील.

सुवार्तिकांच्या पेट्रोलचा हिशेब बहुतेक ठिकाणी चुकतो, आणि तुमचा सुवार्तिक का गेला त्याचं उत्तर इथेही असू शकतं. महिन्याला ९०० किलोमीटर फिरणं म्हणजे फार नव्हे. मोटरसायकल लिटरला ४५ देते असं धरलं तर २० लिटर लागतात, १०५ रुपयांच्या भावाने २,१०० रुपये. मंडळी पेट्रोलची पावती बघून एवढेच देते. पण टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक, विमा आणि गाडीची झीज धरली तर खर्च किलोमीटरला साडेचार रुपयांच्या घरात जातो, म्हणजे ४,०५०. वरचे जवळजवळ दोन हजार तो ११,०००च्या पगारातून घालतो. डोंगरात आणखी वाईट, कारण चढावर गाडी लिटरला ४५ देत नाही. म्हणून पावती बंद करून किलोमीटरचा दर लावा, छोट्या वहीत मीटरचे आकडे लिहायला सांगा आणि पैसे पगाराबरोबरच द्या. पावसाळ्यात चांदसैली घाटासारख्या दरड कोसळणाऱ्या रस्त्यांवरून जाणं-न जाणं त्याच्यावर सोडा. "पाऊस होता म्हणून गेलो नाही" हे कारण विनाचौकशी मान्य असलं पाहिजे. सुट्टीचा दिवस ठरवताना त्याच्या गावांचे बाजारवार बघा. बाजाराच्या दिवशी सगळी माणसं एका ठिकाणी भेटतात, तो त्याच्या कामाचा मोठा दिवस असतो. त्याच दिवशी तुम्ही स्टाफ मीटिंग ठेवलीत तर तो अंगाने हजर असतो, मनाने बाजारात.

मीटिंगचं बोलायचं तर सगळ्यांची मिळून आठवड्याला एकदा, मंगळवारी सकाळी, एक तास. पहिली दहा मिनिटं वचन आणि प्रार्थना, मग प्रत्येकाने येत्या आठवड्यातलं काम आणि अडचण सांगायची, शेवटी वहीतली कामं वाटायची. इथे प्रवचन करू नका. त्याखेरीज प्रत्येकाबरोबर पंधरा दिवसांतून एकदा, एकट्याने, चाळीस मिनिटं. जागा ऑफिस किंवा चर्चच्या मागचा व्हरांडा, बंगल्याची बैठक नको, तिथे कुणी ना कुणी येऊन बसतंच. बायबलबाईंशी बोलताना दार उघडं आणि दिसेल इतक्या अंतरावर दुसरी बाई. विचारायचं थोडंच: मागच्या वेळी ठरलेलं काय झालं, आत्ता सगळ्यात जड काय जातंय, माझ्याकडून काय हवंय. शेवटच्या प्रश्नावर जे कबूल कराल ते समोरच लिहा आणि पुढच्या वेळी सुरुवात त्यानेच करा.

पहिल्या तीन-चार भेटींत उत्तर एकच येईल: "बठ्ठं बराबर शे" (सगळं बरोबर आहे). ते खरं धरून उठू नका. बरेच सुवार्तिक घरी अहिराणी, मावची, पावरी किंवा भिली बोलतात. प्रमाण मराठीत बोलताना त्यांना आपलं बोलणं तोकडं वाटतं, म्हणून ते मान हलवतात आणि आपण त्याला होकार समजतो. "तुम्हाला सोपी पडेल त्या भाषेत सांगा" असं म्हणा, आणि समजलं नाही तर पुन्हा विचारा. पाळक अडखळत चार वाक्यं अहिराणीत बोलले तर समोरचा माणूस चाळीस बोलतो. एकट्यात ऐकलेली गोष्ट, कितीही बोधपर असली तरी, प्रवचनात उदाहरण म्हणून आली की तो दरवाजा कायमचा बंद झाला असं समजा. नाव बदललं तरीही.

आठवड्याच्या अहवालात फुगवलेले आकडे येत असतील तर आधी अहवालाचा नमुना बघा. "सभा किती, हजेरी किती" एवढंच विचारलं की आकडेच वाढतात. त्याऐवजी विचारा: कोणत्या घरी गेलात, कोण आजारी आहे, काय अडलं, पाळकांनी कुठे यायला हवं. शेवटच्या रकान्याप्रमाणे महिन्यातून दोनदा तरी खरोखर त्या घरी जा. आपला अहवाल कुणीतरी वाचतं हे सुवार्तिकाला कळलं की तो खरं लिहितो.

काम नीट होत नाही तेव्हा रागावण्याआधी कारण वेगळं करा. माणसाला ते येत नसेल तर शिकवा. कारकुनाला कॉम्प्युटरवर पावत्या करायला सांगून शिकवलं कुणीच नाही, हे नेहमी दिसतं. करणं शक्यच नसेल तर काम बदला: एका सुवार्तिकाला नऊ गावं दिलीत तर तो नवव्या गावी जाणारच नाही. घरात काही बिघडलं असेल तर थांबा. येतं, शक्य आहे आणि तरी करत नाही, असं असेल तरच शिस्तीची गोष्ट. तिच्या पायऱ्या: तोंडी सांगणं आणि सुधारण्यासाठी तारीख, मग लेखी, मग त्याला सोबत घेऊन कमिटीपुढे. पैशाची अफरातफर किंवा कुणाच्या अंगावर हात टाकणं याला मात्र या पायऱ्या लागू नाहीत.

लहान मुलाशी लैंगिक गैरप्रकार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीची बदनामी नको, आपण आपसांत मिटवू" असं म्हणणाऱ्या वडिलांना तिथेच थांबवा. बायबलबाई किंवा कोणत्याही बाईची कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार असेल आणि तुमच्याकडे दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे सगळ्या बायकांना आधीपासून माहीत असू द्या.

आता एक अडचण, जिचा विचार पाळक सहसा करत नाहीत. तुम्ही सेवकांचे वरिष्ठही आहात आणि त्यांचे पाळकही. दारूचा प्रश्न, नवरा-बायकोचं भांडण, विश्वासातला संशय हे सगळं, ज्याच्या सहीने पगार निघतो त्याच्यापुढे कोण उघडं करील? म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या पाळकांशी अदलाबदल करा. ते तीन महिन्यांतून एकदा येऊन तुमच्या सेवकांना भेटतील, तुम्ही त्यांच्या सेवकांना. काय बोलणं झालं हे एकमेकांना सांगायचं नाही, जिवाला धोका असेल तेवढं सोडून. खर्च एसटीच्या तिकिटाचा आणि जेवणाचा.

थकव्याची खूण रडण्यात किंवा तक्रारीत दिसत नाही. जो माणूस आधी घरभेटीला दोन तास बसायचा तो दहा मिनिटांत उठतो, प्रार्थना पाठ म्हटल्यासारखी होते, बारीक गोष्टीवर चिडतो. महिन्यात तीन-चार मयती, त्यात एखादं लहान मूल, असं झालं की सुवार्तिकाला दुसरा दिवस मोकळा द्या, तो मागणार नाही. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी दोनदा जेवायला घातलं, मधे झोपू दिलं. बोलणं नंतर झालं. १ राजे १९ मधला हा क्रम तसाच पाळा. झोप उडाली, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं कुणी म्हणालं तर प्रार्थनेबरोबर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा, आणि १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर ऑफिसच्या भिंतीवर लावा. डिसेंबरचा भार आधीच मोजा. गीतगायनाच्या फेऱ्या, नाताळ, वर्षाखेरची रात्रीची उपासना असे तीन-चार आठवडे कुणालाच सुट्टी मिळत नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाला सलग चार दिवस, पाळीने, हे नोव्हेंबरमध्येच लिहून लावा. हे तुम्हालाही लागू आहे. पाळक सुट्टी घेत नसेल तर बाकीच्यांना सुट्टी घेताना चोरी केल्यासारखं वाटतं.

म्हातारपणाची आणि आजारपणाची तजवीज वाटते तेवढी महाग नाही. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा (वय १८ ते ५०), सुरक्षा विमा २० रुपयांत २ लाखांचा अपघाती (१८ ते ७०). सहाही जण वयात बसले तर वर्षाचे २,७३६ रुपये, ते मंडळीने भरावेत. हप्ता खात्यातून मेअखेर आपोआप कापला जातो आणि खात्यात तेवढे पैसे नसले तर विमा तुटतो. मे महिन्यातच खाती कोरडी असतात, म्हणून मेच्या पगारात ४५६ रुपये वेगळे घाला आणि ते काढू नका असं बजावा. चाळिशीच्या आतल्यांना, आयकर भरत नसतील तर, अटल पेन्शन योजनेत बसवा. साठीनंतर महिन्याला ५,०००च्या पेन्शनसाठी तिसाव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला ५७७ रुपये पडतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४. निम्मा हप्ता मंडळीने उचलला तरी मोठी गोष्ट. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्डासाठी आधार-रेशनकार्डावरची नावं जुळतात का हे कारकुनाने आत्ताच बघावं, दवाखान्याच्या खिडकीशी उभं राहून नव्हे.

ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी येतो. तुमच्याकडे सहाच असली तरी हिशेब तोच धरा: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. ९,००० पगाराच्या शिपायाची बारा वर्षं झाली तर सुमारे ६२,३०० रुपये. आजपासून त्याच्या नावाने महिन्याला ४३३ रुपये बाजूला पडत राहिले तर हा बोजा एकदम अंगावर येत नाही. दर वाढीबरोबर हा आकडाही वाढवा. ही तरतूद दरवर्षीच्या ऑडिटमध्ये दिसली पाहिजे. मंडळीची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली असेल तर ऑडिट होतच असतं, तिथे वेगळी ओळ मागून घ्या.

कंपाउंडमधल्या क्वार्टरचंही लिहून ठेवा. काम सुटलं तर तीन महिने राहता येईल, सेवक वारला तर कुटुंबाला निदान चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत. हे आधी ठरलेलं नसलं की मयतीच्या महिन्यातच "घर कधी रिकामं करणार" हा प्रश्न विधवेला विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा मंडळीतलाच असतो.

राहिला तो गेलेला सुवार्तिक. त्याच्या गावी जा, एकटेच. परत बोलवायला जाऊ नका, ऐकायला जा. काय जड गेलं एवढं विचारा आणि उत्तर देऊ नका, स्वतःची सफाई तर मुळीच नको. जाताना दोन गोष्टी बरोबर न्या: कामाचं प्रमाणपत्र, तारखांसह, आणि त्याच्या चार महिन्यांच्या किलोमीटरचा साडेचार रुपयांनी केलेला हिशेब, राहिलेल्या रकमेच्या चेकसह.